अश्वगंधा आणि थायरॉइडची गोळी एकत्र चालते का?

झोपमोड: सासूबाई ६१ वर्षांच्या. थायरॉक्सिन दहाएक वर्षं चालू, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कायम जागेवर. दोन महिन्यांपूर्वी झोप लागेना म्हणून नणंदेने अश्वगंधाच्या कॅप्सूल आणून दिल्या. झोप लागायला लागली हे खरं. पण पंधरा दिवसांपासून छातीत धडधडतं, हात थरथरतात. काल सुईत दोरा ओवायला मला हाक मारली, एरवी मलाच ओवून देतात! बंद करा म्हटलं तर, "अगं, झाडाची मुळी ती, ती काय करणार?" दुसरा एखादा चांगला ब्रँड सुचवाल का?

कडूकाढा: ब्रँडचं राहू द्या, आधी कॅप्सूल थांबवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. अश्वगंधामुळे थायरॉइडची हार्मोन्स वाढू शकतात. वरून गोळीही चालूच, म्हणजे डोस वाढवल्यासारखंच झालं. धडधड, थरथर ही त्याचीच लक्षणं असू शकतात. त्या वयात हृदयाचे ठोके अनियमित व्हायची भीती असते, तेव्हा छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठा. थायरॉक्सिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

निवांत_नाना: आमच्याकडे तीन पिढ्या चूर्ण घेतात, कोणाला काही झालं नाही. आयुर्वेदाला नावं ठेवायची फॅशनच झालीय.

कडूकाढा: नाना, नावं कोण ठेवतंय? चूर्ण म्हणजे नुसती दळलेली मुळी. कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा अर्क असतो, त्यातले विथॅनोलाइड्स (मुळीतले परिणाम करणारे घटक) मुद्दाम वाढवलेले. शिवाय वैद्य प्रकृती बघून, चालू औषधं विचारून देतात. इथे नणंदेने दिलंय.

खाजरा_सशाचा_कान: माझं ऐका. मी ताणासाठी घेत होतो, दुसरं कुठलंही औषध नाही. सहाव्या आठवड्यात तळहात-तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. रात्री उठून तळवे दाराच्या चौकटीवर घासायचो. लघवी गडद झाली तेव्हा गेलो, तर बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं. डॉक्टरांनी बाकी कारणं तपासून हेच धरलं. बंद केल्यावर सगळं ताळ्यावर यायला तीन महिने गेले. असं क्वचित होतं, पण वैद्यकीय नियतकालिकांत अशा केसेस नोंदलेल्या आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली. वहिनी, लिव्हरची तपासणीही करून घ्या.

झोपमोड: बाप रे. खाज नाहीये त्यांना, विचारलं आत्ताच. उद्या सकाळीच थायरॉइड आणि लिव्हर दोन्हीसाठी रक्त द्यायला नेते.

नळी_नंबर_७: थांबा. मी लॅबमध्ये काम करते. बाटलीच्या मागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचा आणि इथे लिहा. अश्वगंधा सोडून आणखी काय आहे?

झोपमोड: भिंग घेऊन वाचलं. मॅग्नेशियम, ब्राह्मी, आणि बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम. झोपेच्या गोळीत केसांचं औषध कशाला घालतात देव जाणे.

नळी_नंबर_७: वाटलंच होतं. बायोटिनचा एवढा डोस पोटात असेल तर थायरॉइडची तपासणी चकवते. काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो. म्हणजे अश्वगंधामुळे जे होऊ शकतं, हुबेहूब तसाच रिपोर्ट! तो बघून उगाच गोळीचा डोस बदलला जाईल. शेवटच्या कॅप्सूलनंतर निदान दोन दिवस जाऊ द्यावे लागतात. डॉक्टरांनी तातडीने तपासायला सांगितलं तर लगेच करा, पण रक्त घेणाऱ्याला बायोटिनचं आवर्जून सांगा. बाटलीच सोबत न्या.

निवांत_नाना: हे बायोटिनचं माहीत नव्हतं. मीही केसांसाठी घेतो, म्हणजे उरलेत त्यांच्यासाठी.

झोपमोड: डॉक्टरांशी बोलले. आज ईसीजीला बोलावलंय, रक्त परवा. कॅप्सूल बंद. सासूबाईंनी बाटली स्वतःच पिशवीत टाकली, वर म्हणाल्या, "नणंदेला आत्ता काही सांगू नकोस, मी सांगते."