शब्दचर्चा : कंटेनर ‘उठत नाही’ की ‘जागाच होत नाही’?

हिंजवडीची रात्रपाळी :
परवा रात्री साडेअकराला टीममधल्या नव्या मुलाचा निरोप आला, ‘सर, कंटेनर बूट होत नाहीये.’ मी विचारलं, बूट होत नाही म्हणजे नक्की काय होत नाही? तर म्हणे, ‘होतोय, पण पूर्ण होत नाहीये.’ पुढचा पाऊण तास या एका वाक्याचा अर्थ लावण्यात गेला. मला वाटलं, आतली प्रोसेसच (चालणारा प्रोग्रॅमच) सुरू होत नाही, म्हणून मी होस्टचे, म्हणजे ज्या मशीनवर कंटेनर चालतो त्याचे, लॉग चाळत बसलो. त्याला म्हणायचं होतं की होस्ट ‘रनिंग’ दाखवतोय, पण कन्सोल उघडला की काळा पडदा आणि एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. तो म्हणाला ‘लटकलाय’, मी म्हणालो ‘अडकलाय’, तिसरा म्हणाला ‘हँग आहे’. तिघांच्या डोक्यात तीन वेगळे आजार.

आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, ‘कुठे अडकलाय कंटेनर? खंबाटकीत का?’ तिची काही चूक नाही. मराठी पेपरात कंटेनर घाटातच बंद पडतो.

खुलासा एवढाच, की मी एलएक्ससीसारख्या कंटेनरबद्दल बोलतोय, ज्याच्या आत अख्खी लिनक्स सिस्टिम नांदते. स्वतःचा सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम), स्वतःच्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारी कामं), स्वतःचं लॉगिन. डॉकर या दुसऱ्या प्रकारच्या कंटेनरमध्ये बहुधा एकच प्रोग्रॅम असतो, चालला तर चालला नाहीतर गेला. अख्खी सिस्टिम असली की मात्र ‘अर्धवट सुरू’ अशी एक अवस्था येते. तिला मराठीत शब्द हवा आहे. तुम्ही काय म्हणता?

नारायण पेठ :
मी निवृत्त शिक्षिका, मराठी शिकवत होते. तुमच्या यंत्रातलं मला कळत नाही, पण गोंधळ ओळखीचा वाटला. जागं होणं आणि उठणं या मराठीत दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझा नातू सहाला जागा होतो आणि आठला उठतो. मधले दोन तास तो डोळे उघडे ठेवून पांघरुणात असतो. हाक मारली तर ‘हो’ म्हणतो. तुमचा कंटेनर त्याच जातीचा दिसतो.

फक्त ‘उठणे’ जपून वापरा. पंगत उठली म्हणजे जेवणं झाली. बाजार उठला म्हणजे माणसं घरी गेली. एखाद्या गोष्टीवरून मन उठलं तर विचारायलाच नको. ‘सर्व्हर उठला’ असं माझ्या वयाच्या बाईनं ऐकलं तर ती पिशवी घेऊन परत फिरेल.

हिंजवडीची रात्रपाळी :
बाई, नातू चपखल बसला! कंटेनरच्या आतली पहिली प्रोसेस, जिला १ क्रमांक मिळतो, ती सुरू झाली की तो जागा झाला. होस्ट बाहेरून तेवढंच बघतो आणि ‘रनिंग’ लिहून मोकळा होतो. आत शिरून ‘सिस्टिमसीटीएल इज-सिस्टिम-रनिंग’ या आज्ञेनं सिस्टिमडीला विचारलं तर उत्तर येतं ‘स्टार्टिंग’. दोघंही खरंच बोलत असतात. लागणाऱ्या सर्व्हिसेस वर येऊन ठरलेलं टार्गेट (शेवटचा टप्पा) गाठलं की मग तो उठला.

जागाच न होणं हा निराळा प्रकार. आर्म प्रोसेसरसाठी बनवलेली इमेज (कंटेनरचा तयार साचा) इंटेलच्या मशीनवर टाकली, किंवा इमेजमध्ये इनिट, म्हणजे पहिला चालवायचा प्रोग्रॅमच नाही, तर पहिली प्रोसेसच उभी राहत नाही. तिथे आत डोकावण्यात अर्थ नाही, आत कोणी नाहीच. एलएक्ससी-स्टार्ट फोरग्राउंडला चालवायचा, डीबग लॉग लावायचा आणि बाहेरच कारण वाचायचं. त्या रात्री मी नेमकं हेच करत होतो, आणि पोरगा बोलत होता जाग्या कंटेनरबद्दल.

मगरपट्टा :
‘अडकला’ हा शब्द आमच्याकडे मी बंद केलाय. त्यातून काहीच कळत नाही. मराठीत यासाठी दोन सख्खे पण वेगळे शब्द आहेत, रखडणे आणि खोळंबणे. रखडतो तो स्वतःच्या संथपणानं. काम चालू आहे, सरकत नाही. खोळंबतो तो दुसऱ्यामुळे. रेल्वे ‘प्रवाशांचा खोळंबा’ म्हणते, प्रवाशांची रखडपट्टी म्हणणारे आपण.

आता गंमत बघा. अर्धवट उठलेल्या कंटेनरमध्ये शिरून ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्ज’ मारा. रांगेतल्या प्रत्येक कामापुढे दोनपैकी एक शेरा असतो, ‘रनिंग’ किंवा ‘वेटिंग’. म्हणजेच रखडलेला आणि खोळंबलेला! वीस कामं खोळंबलेली दिसली तर घाबरायचं नाही, त्यातलं एखाद-दुसरं रखडलेलं शोधायचं. बाकीची मंडळी त्याच्यापायी ताटकळलेली असतात. आमच्याकडे दहातल्या सात वेळा दोषी नेटवर्क असतं. कंटेनरचं नेटवर्क कार्ड होस्टवरच्या भलत्याच ब्रिजला (नेटवर्कच्या जोडणीला) जोडलेलं, त्याला आयपी पत्ता मिळत नाही, आणि ‘नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ ही सर्व्हिस निमूट १२० सेकंद वाट बघते. इतर बहुतेक सर्व्हिसेसना सिस्टिमडी ९० सेकंदांची मुदत देतो. त्यामुळे पहिली दोन मिनिटं कंटेनरला ‘गेला’ म्हणू नये, असा आमच्या टीममधला नियम आहे. चहा घ्यावा.

कोथरूडकर :
‘लटकला’ हा हिंदीतून आलेला वापर. मराठीत लटका म्हणजे खोटा. लटका राग, लटकं रुसणं. तेव्हा आत काही चालत नसताना बाहेर ‘रनिंग’ सांगणारा कंटेनर खऱ्या मराठी अर्थानं लटका आहे. शब्द ठेवा, व्युत्पत्ती बदला.

सदाशिव पेठ, वाडा पाडलेला :
‘आभासी’ या शब्दावर कोणी बोलेना म्हणून लिहितो. व्हर्च्युअल मशीनला आभासी यंत्र म्हणणं ठीक, कारण तिथे यंत्राचा देखावा उभा केलेला असतो, त्या देखाव्यात स्वतंत्र कर्नल (सिस्टिमचा गाभा). कंटेनरमध्ये देखावा कसलाच नाही. प्रोसेस खऱ्या, होस्टच्याच कर्नलवर चालणाऱ्या, फक्त मध्ये भिंती घातलेल्या. त्याला ‘आभासी पात्र’ म्हणणारी भाषांतरं वाचली की नाटकातलं कोणीतरी आठवतं.

माझा शब्द आहे बिऱ्हाड. माझं लहानपण वाड्यात गेलं. अकरा बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं, भांडणंही वेगळी. पण दिंडी दरवाजा एक, नळ एक, मोरी एक. व्हर्च्युअल मशीन हा स्वतंत्र बंगला, पाण्याची टाकीसुद्धा स्वतःची. कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड आणि कर्नल म्हणजे तो नळ. कन्नडात बिडार म्हणजे मुक्काम, तळ. आपलं बिऱ्हाड त्याच कुळातलं, म्हणजे मुळातच हलवता येणारं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा कंटेनर आपली फाइल सिस्टिम पाठीवर घेऊन या होस्टवरून त्या होस्टवर जातो. नळ मात्र पाठीवर नेता येत नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी पेठांतल्या हौदांत यायचं. तलावाकडं काही बिनसलं तर हौदाशी भांडून उपयोग काय?

हिंजवडीची रात्रपाळी :
काका, तुमच्या नळावरूनच सांगतो त्या रात्री काय निघालं. आदल्या दिवशी होस्ट नव्या डेबियनवर (लिनक्सचा एक अवतार) नेला होता. बिऱ्हाड तेच, सेंटओएस ७ या दुसऱ्या अवताराचं, २०१४ सालच्या पिढीचं. वाड्यातली पाइपलाइन बदलली. प्रोसेसना मेमरी आणि सीपीयू वाटून देणारी कर्नलची जी व्यवस्था आहे, सी-ग्रुप, तिची जुनी आणि नवी अशा दोन रचना आहेत. डेबियन ११, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, नवी रचना आपोआप येते. सेंटओएस ७ च्या आतला सिस्टिमडी २१९ क्रमांकाचा, त्याला फक्त जुनी ठाऊक. तो जागा होतो, जुन्या जागी नळ शोधतो, सापडत नाही, आणि ‘फ्रीझिंग’ अशी एक ओळ लिहून तिथल्या तिथे थिजतो. मरत नाही. मेला असता तर होस्टनं ‘स्टॉप्ड’ दाखवलं असतं आणि आम्ही पाऊण तास वाद घातला नसता. घरातला कर्ता माणूस दारात उभा, डोळे उघडे, हालचाल शून्य.

तात्पुरता तोडगा म्हणजे होस्टच्या कर्नलला सुरू होतानाच जुनी रचना वापरायला सांगणं. तो होस्ट रीबूट करावा लागतो, म्हणजे बाकीची बिऱ्हाडंही उठवा. शिवाय नवे सिस्टिमडी जुन्या रचनेची साथ सोडत चाललेत. आम्ही त्या कंटेनरला व्हर्च्युअल मशीन करून दिलं. बंगला बांधून दिला म्हणा.

नारायण पेठ :
‘फ्रीझिंग’ म्हणजे ‘गोठला’ की ‘गोठवला’? मराठीत या एका ‘व’मध्ये कर्ता बदलतो. पाणी गोठतं, खातं गोठवलं जातं.

मगरपट्टा :
बाई, तुम्ही नकळत फार मोठी गोष्ट सांगितलीत. एलएक्ससीमध्ये कंटेनर मुद्दाम गोठवायची वेगळी आज्ञा आहे, एलएक्ससी-फ्रीझ. तशा कंटेनरपुढे होस्ट स्पष्ट ‘फ्रोझन’ लिहितो, कारण गोठवणारा तो स्वतः. वर सांगितलेला मात्र आपणहून गोठलेला, होस्टला त्याचा पत्ताच नाही, म्हणून तिथे ‘रनिंग’. इंग्रजीत दोघांनाही तोच शब्द, त्यामुळे शोधायला गेलं की भलतीच उत्तरं हाती येतात. आजपासून आमच्याकडे गोठलेला आणि गोठवलेला असे दोन रकाने.

याच चालीवर ‘तुंबणे’ही घ्या. एका होस्टवर कंटेनर वाढत गेले की एक दिवस नवीन कंटेनर अर्ध्यात पडतो आणि लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’. माणसं फाइलींची मर्यादा वाढवत बसतात. खरी तुंबलेली असते ती आयनोटिफाय, फाइलींतल्या बदलांची खबर देणारी कर्नलची सोय. कर्नल एका वापरकर्त्याला तिचे साधारण १२८ इन्स्टन्स देतो. मर्यादित अधिकारांच्या कंटेनरमधला रूट (मुख्य वापरकर्ता) होस्टच्या नजरेत १००००० क्रमांकाचा वापरकर्ता असतो, आणि नेहमीच्या मांडणीत सगळ्या कंटेनरांचा रूट हाच. म्हणजे काकांची सामाईक मोरी! अकराव्या बिऱ्हाडानं पाणी टाकलं आणि तुंबली, तर दोष अकराव्याचा नाही. मर्यादा होस्टवर वाढवायची, कंटेनरच्या आत खटपट करून काही होत नाही.

हडपसर :
उठला, पण एक-दोन सर्व्हिसेस पडलेल्या, त्याला सिस्टिमडी ‘डिग्रेडेड’ म्हणतो. मी ‘अवनत’ असं भाषांतर कुठेतरी वाचलं आणि मिटून टाकलं. कणकण म्हणूया का? ताप नाही, पण अंगात आहे. कामावर गेलाय.

कोथरूडकर :
पुण्यात याला महापालिकेचा तयार शब्दप्रयोग आहे. गुरुवारी पाणी बंद असलं की नोटिशीत शेवटी काय असतं? ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ कंटेनर उशिरा व कमी दाबाने सुरू झाला. आणखी काय सांगायचं!

हडपसर :
मान्य, पण तिकिटावर (बिघाडाच्या नोंदीत) कणकण लवकर टाइप होते. आमच्याकडची नेहमीची कणकण सांगतो. लिनक्सच्या नव्या डिस्ट्रिब्युशनचा कंटेनर, नेस्टिंग (कंटेनरच्या आत आणखी कंटेनर करायची मुभा) बंद. सिस्टिमडी सर्व्हिसेसना सुरक्षेसाठी आणखी आतल्या भिंती घालायला जातो, परवानगी नाही, म्हणून त्या सर्व्हिसेस २२६ क्रमांकाची चूक दाखवून पडतात. लॉगिन केलं तर २५ सेकंद काहीच नाही आणि मग प्रॉम्प्ट. ही पंचवीस सेकंदं दिसली की मी थेट नेस्टिंग चालू करतो, बाकी काही बघत नाही. पडलेल्यांची नावं ‘सिस्टिमसीटीएल फेल्ड’ देतोच.

आणि काळ्या पडद्याचं एक. कधी कधी कंटेनर ठणठणीत उठलेला असतो, फक्त कन्सोलवर लॉगिन विचारणारं कोणी बसवलेलं नसतं. दिंडी बंद, घर जागं. एलएक्ससी-अटॅचनं परसदारातून आत जाता येतं, पासवर्डही लागत नाही. आधी ते करून बघावं, मग रोगाला नाव द्यावं.

सदाशिव पेठ, वाडा पाडलेला :
म्हणजे निदान! वैद्याचंही आणि ‘निदान आत जाऊन तरी बघ’ मधलंही.

हिंजवडीची रात्रपाळी :
कालपासून तिकिटं या शब्दांत लिहायला लावलीत. पोरानं सकाळी पहिलं लिहिलं : ‘कंटेनर जागा आहे. उठला नाही. नेटवर्कपायी खोळंबलाय.’ दोन मिनिटांत ब्रिज बदलला, चालू झाला. संध्याकाळी मॅनेजरनं मात्र विचारलं, ‘कंटेनरमध्ये जागा आहे, मग अडचण काय?’ त्याला वाटलं डिस्कबद्दल आहे.

नारायण पेठ :
‘जागा आहे’ नाही, ‘जागा झाला’ लिहायला सांगा त्याला. खरोखरच डिस्क भरेल तेव्हा काय लिहिणार आहे तो?