ट्रॅकवाल्यांनो, एकदा आंबा घाट उतरून दाखवा

साखरप्याचा प्रवासी: काल ट्रॅकवेडा यांनी लिहिलं की कोइंबतूरच्या कारी रेस ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवली, ब्रेकचे पॅड चांगले आणि ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं असलं की ब्रेकची काळजी नको, आणि 'घाटात गिअर पाडून उतरणं हे एसटीच्या जमान्यातलं सोवळं आहे'. वाचता वाचता माझा चहा निवला.

अहो, ट्रॅकवर तुम्ही ब्रेक करकचून दाबता आणि सोडता. पुढच्या सरळ पट्ट्यात ब्रेकच्या डिस्कला वारा लागतो. शेवटची फेरी तर ब्रेक निववायलाच मारता. आंबा घाटात कुठला सरळ पट्टा? पुढे रांगणारा ट्रक, मागे हॉर्न, पाय ब्रेकवर ठेवलेलाच. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरहून येताना गाडीत पाच माणसं, डिकीत गुळाच्या ढेपा. अर्ध्या घाटात आधी जळका वास, मग पेडल मऊ, मग थेट तळाला. दुसरा गिअर टाकला, हॅन्डब्रेक हळूहळू ओढला, म्हणून आज हे लिहितोय.

ट्रॅकवेडा: हिशेब करू. १३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली की ब्रेकवर फार तर ६४ लाख ज्यूल. ट्रॅकवर ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणताना एका दमात साडेनऊ लाख. म्हणजे तुमचा अख्खा घाट म्हणजे माझे सात ब्रेक! पेडल तळाला गेलं म्हणजे ऑइल उकळलं. शेवटचं कधी बदललं होतं?

मालवणी मिरची: बसा ज्यूल मोजत. माझ्या आजोबांनी करूळ घाटात ट्रक चालवला. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. संपलं.

वडखळ नाका: ब्रेक तापायला आधी वेग लागतो. मुंबई-गोवा महामार्गाने या, खड्ड्यांत वेगच येत नाही. ब्रेक गार, माणूस गरम.

चिपळूणचा बाब्या: आमचे मामा कुंभार्ली घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. पेट्रोल वाचतं. पंचवीस वर्षांत काही झालं नाही.

ट्रॅकवेडा: न्यूट्रल?! मग इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवरच की. आणि गिअरमध्ये असताना पाय उचलला की फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी इंजिनाचं पेट्रोल तोडते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

चिपळूणचा बाब्या: मामांची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची होती.

साखरप्याचा प्रवासी: होती. आता?

चिपळूणचा बाब्या: २०१९ ची. सवय असते माणसाला. दर गणपतीला अर्धी वाडी त्यांच्याच गाडीतून येते, तुम्ही मामांवर घसरू नका.

मालवणी मिरची: काही शहाणे उतारावर इंजिनच बंद करतात. दोन-तीनदा ब्रेक दाबला की पायाला जोर देणारा बूस्टर रिकामा, मग पेडल म्हणजे दगड. स्टिअरिंगही जड.

चिपळूणचा बाब्या: न्यूट्रल म्हटलं मी! बंद नाही! वाचता येतं ना?

वडखळ नाका: मामांना महामार्गाचं काम द्या. पंचवीस वर्षं टिकून काम करणारा माणूस तिथे हवाच आहे.

ट्रॅकवेडा: मामा राहू द्या. साखरपावाले, ऑइलचं उत्तर आलं नाही.

साखरप्याचा प्रवासी: चार वर्षांपूर्वी बदललं होतं. झालं समाधान? आमच्या दमट हवेत ऑइल पाणी ओढतं, हे मलाही गॅरेजवाल्याने ऐकवलंय. नव्या डॉट ४ ला २३० अंशांपर्यंत तरी उकळी फुटत नाही, पाणी शिरलं की ती हमी १५५ वर येते. दोन वर्षांनी बदलायला हवं होतं, माझं चुकलं. पण मला वाचवलं त्या सोवळ्या गिअरने. आणि तुमचे रेसचे पॅड गार असताना धड पकडत नाहीत. पावसात सकाळी सकाळी म्हैस आडवी आली की तिला ज्यूल समजावा.

ट्रॅकवेडा: रेसचे पॅड घाला असं मी कुठे म्हटलं? 'चांगले' म्हटलं. बरं, सोवळं हा शब्द मागे घेतो, उतरा दुसऱ्या गिअरवर. पण खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर बाटलीने पाणी ओतू नका. वाकडी होते. तेवढं तरी ट्रॅकवाल्याचं ऐका.

चिपळूणचा बाब्या: मामांना आत्ता फोन केला. ते विचारतायत, ब्रेक ऑइल बदलावं लागतं?