मदत हवी आहे: हार्ली रीड मिडफिल्डर की फॉरवर्ड? स्टेडियममध्ये बसून नेमकं काय बघायचं?

पर्थकर_नवा (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या (एएफएल) पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्स संघाच्या प्रत्येक सामन्यानंतर रीडवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, त्याला पूर्ण वेळ मिडफिल्डमध्ये ठेवा, बाकी सगळं वाया घालवणं आहे. दुसरा म्हणतो, दम पुरत नाही, गोलजवळ ठेवा, सामन्याला दोन-तीन गोल देईल. दोघांचेही पुरावे म्हणजे हायलाइट्स. त्यात चेंडू दिसतो, खेळाडू उभा कुठे होता ते दिसत नाही.

मूळ माहिती आहे: टोंगालाचा (व्हिक्टोरिया) मुलगा, जन्म २००५, बेंडिगो पायोनिअर्स या युवा संघातून आला, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची क्रमवार निवड) पहिला, उंची १८७ सेंमी. पदार्पण २०२४ च्या पहिल्या फेरीत. नियम आणि गुणपद्धत कळते, त्यामुळे तिथपासून सुरुवात नको.

हवंय ते असं. मैदानात बसून तो कुठल्या जागेवर खेळतोय हे स्वतः मोजायचं कसं? कुठले आकडे फसवे आहेत? आणि दोन हंगामांवरून हा कुठपर्यंत जाईल याचा अंदाज बांधता येतो का, की आत्ता सगळं हवेतच?

---

बाउंड्रीलाइन

आधी सेंटर बाउन्स (मधोमध चेंडू टाकून खेळ सुरू होतो ती वेळ) मोजा. त्याशिवाय जागेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

६-६-६ चा नियम २०१९ पासून आहे. दर बाउन्सला दोन्ही गोलसमोरच्या ५० मीटर कमानींत प्रत्येक संघाचे सहा-सहा, मधल्या चौकोनात चार, विंगवर दोन. चौकोनातल्या चारांत एक रक (टाकलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू). म्हणजे मिडफिल्डरसाठी दर वेळी तीनच जागा. रीड त्या तिघांत आहे का, एवढंच बघायचं आणि एक रेघ ओढायची.

एकूण बाउन्स = ४ (क्वार्टरची सुरुवात) + दोन्ही संघांचे मिळून गोल. गोल झाल्यावर पुन्हा खेळ सुरू व्हायच्या आतच सायरन वाजला, तर एक वजा. बिहाइंडनंतर (एका गुणाच्या फटक्यानंतर) काही मोजू नका, तिथे किक-इन असते. समजा दोन्हीकडचे मिळून २४ गोल झाले, तर २८ बाउन्स. रीड २० ला आत असेल तर ७१ टक्के. २०२६ पासून पंच चेंडू आपटत नाहीत, वर फेकतात. मोजणीत फरक नाही.

माझा ढोबळ हिशेब: ८० टक्क्यांच्या वर असेल तर पक्का मिडफिल्डर. ५० च्या खाली असेल तर फॉरवर्ड, जो मधूनमधून आत येतो. मधला पट्टा मिश्र भूमिकेचा, आणि सगळे वाद तिथलेच आहेत.

दोन खबरदाऱ्या. एक, टक्केवारी क्वार्टरगणिक वेगळी लिहा. सामना हातचा गेला की प्रशिक्षक चौथ्या क्वार्टरमध्ये मिडफिल्ड ढवळून काढतात, आणि एकूण आकडा काहीच सांगत नाही. दोन, नुसती संख्या घेऊ नका. समोरच्याने २० गोल ठोकले तर बाउन्स आपोआप वाढतात, आणि हरणाऱ्या संघातला मुलगा "आज २५ वेळा आत होता" म्हणून कर्तबगार दिसतो.

बसायला जागा गोलामागे, वरच्या मजल्यावर घ्या. बाजूने बघितलं तर चौकोन आणि कमान एकात एक मिसळतात.

---

चौथा_क्वार्टर

बाउंड्रीलाइन यांच्याशी सहमत, पण त्या हिशेबाला पर्थच्या मैदानाची एक पुरवणी हवी. मैदान १६५ × १३० मीटर. अर्धी लांबी ८२.५. चौकोन ५० चा, म्हणजे केंद्रापासून २५ वर त्याची कड. कमान गोलपासून ५० वर, म्हणजे केंद्रापासून ३२.५. चौकोनाची कड आणि कमानीचं टोक यांत अंतर फक्त साडेसात मीटर. कमानीच्या टोकावर उभा राहिलेला हाफ-फॉरवर्ड चेंडू सुटल्यावर दोन सेकंदांत गर्दीत पोचतो. तेव्हा "तो चौकोनात नव्हता" याचा अर्थ "तो त्या झटापटीत नव्हता" असा घेऊ नका. फॉरवर्ड म्हणून सुरुवात करून तो गोलच्या दिशेने धावतो की चेंडूच्या दिशेने, हे दर वेळी टिपा. गोलकडे पळाला तर प्रशिक्षकाने त्याला खरोखर फॉरवर्ड ठेवलंय. चेंडूकडे आला तर तो चौथा मिडफिल्डरच.

आता त्याच्या खेळाबद्दल. रीडचं हत्यार म्हणजे गर्दीतून सुटणं: खाली वाकून चेंडू उचलतो, कमरेत ताकद आहे, आणि उघड्या हाताने समोरच्याला दूर ढकलतो. एप्रिल २०२४ च्या डर्बीत (पर्थच्याच दोन संघांच्या सामन्यात) फ्रीमँटलविरुद्ध ३ गोल केले तेव्हापासून सगळी पर्थ याच ढकलण्यावर फिदा आहे. पण यात एक मेख आहे, ती समजून घ्या. हात लावून ढकलण्याचा प्रयत्न केला की पंचांच्या लेखी खेळाडूला चेंडू सोडायची संधी मिळालेली असते. म्हणजे ढकलणं फसलं आणि टॅकल बसला, तर "होल्डिंग द बॉल" ची (चेंडू वेळेत न सोडल्याची) फ्री किक जवळजवळ ठरलेली. हात खांद्याच्या वर गेला तर उंच संपर्काची फ्री किक, तीही विरुद्ध संघाला. त्यामुळे वहीत दोन रकाने करा: ढकलून सुटला किती वेळा, ढकलताना अडकला किती वेळा. हायलाइट्समध्ये फक्त पहिला रकाना असतो.

मधल्या चौकोनात अडकला तर चेंडू गोलपासून ८० मीटरवर जातो, सावरायला वेळ असतो. आपल्या बचावाच्या अर्ध्यात अडकला तर थेट गोल खायची वेळ. फॉरवर्ड पट्ट्यात अडकला तर नुकसान सगळ्यात कमी. त्याला पुढे ठेवा म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा मांडायला हवा, पण ते गोल मोजत बसतात.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: चेंडू विरुद्ध संघाने जिंकला की पुढची १० सेकंदं फक्त रीडकडे बघा. मान वळवून आपल्या गोलकडे धावतो का? किती अंतर? की चालत राहतो आणि चेंडू परत येईल याची वाट बघतो? हे टीव्हीवर कधीच दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागे असतो. स्टेडियमच्या तिकिटाचे पैसे यासाठीच. पहिल्या क्वार्टरमध्ये सगळेच धावतात. तिसऱ्याच्या शेवटी आणि चौथ्यात टिपा. त्याच्याबद्दलची खरी शंका ताकद किंवा कौशल्य ही नाहीच, ती परत पळण्याची आहे. आणि मिडफिल्डर म्हणून पूर्ण वेळ ठेवायचं की नाही याचं उत्तरही तिथेच आहे.

---

विंगवरून

मी पुढे ठेवा गटातला. नेहमीचं उदाहरण देतो: डस्टिन मार्टिन. २००९ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, रीडइतकीच उंची, तीच ढकलण्याची सवय. २०१७ ला ३६ मतांनी ब्राउनलो (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), शिवाय २०१७, २०१९, २०२० अशी तीन नॉर्म स्मिथ पदकं (अंतिम सामन्यातला सर्वोत्तम). तो मिडफिल्डर होताच, पण सामना फिरवायचा तेव्हा रिचमंड (त्याचा संघ) त्याला गोलच्या तोंडाशी एकटा सोडायचे, एकास एक. बचावपटू बिचारा काय करणार? उंच ठेवला तर जमिनीवरच्या चेंडूला हरतो, बुटका ठेवला तर अंगाने दाबला जातो. रीडचंही तेच होईल. शिवाय ईगल्सचा सध्याचा प्रशिक्षक अँड्र्यू मॅकक्वाल्टर त्याच काळात रिचमंडच्या प्रशिक्षकवर्गात होता. त्याला हे सांगावं लागणार नाही.

---

बाउंड्रीलाइन

@विंगवरून, उदाहरण बरोबर, निष्कर्ष उलटा. मार्टिन पुढे एकटा उभा राहायचा तेव्हा त्याच्यापर्यंत चेंडू आणणारं मिडफिल्ड रिचमंडकडे होतं. ईगल्सने २०२३ मध्ये ३ सामने जिंकले, २०२४ मध्ये ५ आणि २०२५ मध्ये फक्त १. अशा संघात फॉरवर्ड क्वार्टरभर चेंडूची वाट बघतो, आणि आला तर उंच, घाईत मारलेला, दोन बचावपटूंच्या डोक्यावर. ईगल्सच्याच फॉरवर्ड जेक वॉटरमनने अशाच पुरवठ्यावर २०२४ मध्ये ५३ गोल करून ऑल-ऑस्ट्रेलियन (हंगामातल्या सर्वोत्तम संघात) जागा मिळवली हे त्याचं मोठेपण, पण तो हवेत चेंडू पकडणारा खेळाडू आहे. रीडला जमिनीवर, चालत्या गर्दीत चेंडू हवा. तो पुढे गेला तर मधून चेंडू काढून देणार कोण? दुसरा रीड असता तर प्रश्नच नव्हता.

---

विंगवरून

मान्य, पुरवठा नाही. पण टॅगचं काय? मिडफिल्डमध्ये विरुद्ध संघ एक माणूस त्याच्या अंगाला चिकटवतो, हाताला धरतो, धावायच्या रेषेत उभा राहतो. मग रीड चिडतो. २०२४ मध्ये सेंट किल्डाविरुद्धच्या धोकादायक टॅकलसाठी दोन सामन्यांची बंदी झाली, ती विसरलात?

---

चौथा_क्वार्टर

टॅगवर उपाय पुढे जाणं हाच, पण मुक्काम म्हणून नव्हे, डाव म्हणून. पाच-सहा मिनिटं कमानीत जायचं. टॅग करणारा मागे आला तर तो सवय नसलेल्या बचावाच्या जागेत अडकतो, आणि गोलजवळची चूक थेट फलकावर दिसते. नाही आला तर टॅग सुटला. रीड पुढे गेल्यावर तो माणूस मागोमाग गेला की तिथेच थांबला, हे टिपा. विरुद्ध प्रशिक्षक त्याला किती घाबरतो ते यावरून कळतं.

बंदीचं प्रकरण चिडण्यापेक्षा तंत्राचं आहे. दोन्ही हात जखडायचे, वर आपलं वजन टाकून जमिनीकडे न्यायचं, म्हणजे समोरच्याला डोकं वाचवायला हात उरत नाही. शिस्त समिती तेच बघते. एक हात मोकळा ठेवायचा आणि पडताना स्वतःच्या बाजूवर वळायचं, हे शिकवता येतं. ताकदवान मुलांना ते उशिरा जमतं, कारण तोवर नुसत्या जोरावर निभावलेलं असतं.

---

मेलबर्नकर

हाफ-बॅकचं (बचावफळीतल्या जागेचं) कोणीच काढलं नाही. १८ वर्षांखालच्या स्पर्धांत व्हिक कंट्रीकडून (ग्रामीण व्हिक्टोरियाचा संघ) तो तिथेही खेळलाय. निक डेकॉसने २०२२ मध्ये तिथूनच रायझिंग स्टार (सर्वोत्तम नवखा खेळाडू) जिंकला आणि मग मिडफिल्डमध्ये गेला.

---

बाउंड्रीलाइन

डेकॉसचं बळ नजर आणि पास. मोकळा चेंडू मिळाला की तो चिरफाड करतो, म्हणून हाफ-बॅक. रीडचं बळ झटापट. हाफ-बॅकला ठेवलं तर झटापटच काढून घेतली, वर त्याची फसलेली ढकल आपल्याच गोलसमोर. नको.

---

पर्थकर_नवा (धागाकर्ता)

वा, वहीची पानं आखून ठेवली. दोन उपप्रश्न. बदली खेळाडूंच्या मर्यादेचा यात किती वाटा? आणि कुठले तयार आकडे बघू, कुठले नको?

---

चौथा_क्वार्टर

मर्यादा ७५ बदल्यांची, पूर्ण सामन्यात, पूर्ण संघाला. २०२६ पासून सब (एकदाच वापरायचा राखीव खेळाडू) गेला आणि बाकावर पाच जण आले, म्हणजे एकूण २३. भागाकार केला तर माणशी तीनच्या थोड्या वर. बचावपटू कमी बाहेर येतात, त्यांचा वाटा मिडफिल्डरना जातो, तरी ओढाताण राहतेच. दमलेला रीड बाकावर न जाता गोलच्या कोपऱ्यात गेला तर एक बदली वाचते आणि त्याची भीतीही मैदानात राहते. म्हणून ७० टक्के मिडफिल्ड आणि उरलेली विश्रांती पुढे, हे गणित मला पटतं. एकच अट: पुढे विसावताना चेंडू बचावपटूकडे गेला तर दाब टाकायलाच हवा. तो उभा राहिला तर समोरचा संघ त्याच कोपऱ्यातून सहज बाहेर पडतो.

आकड्यांत फुटीवायर या आकडेवारीच्या साइटवर सेंटर क्लिअरन्स (मधल्या सुरुवातीनंतर गर्दीतून चेंडू बाहेर काढणं) आणि इतर स्टॉपेज क्लिअरन्स (बाकी ठिकाणी खेळ थांबल्यावर तेच) वेगळे दिलेले असतात. ते वेगळेच वाचा. पहिले जास्त, दुसरे कमी असतील तर तो ताजा असतानाच चमकतोय, सामना रुळल्यावर धावून पोचत नाही. स्कोअर इन्व्हॉल्व्हमेंट (गुण आणणाऱ्या चालीत तो किती वेळा होता) हा मिश्र भूमिकेसाठी सगळ्यात प्रामाणिक आकडा. डिस्पोजल एफिशियन्सीवरून (किक-हँडबॉलपैकी किती नीट पोचले) त्याला झोडू नका, तीन जण अंगावर असताना मारलेली किक आणि मोकळ्यातला हँडबॉल तिथे एकाच तराजूत पडतात. नुसत्या डिस्पोजलची संख्या तर बघूच नका.

नवा नियम अजून एक: मधल्या फेकीला रकने मधली रेघ ओलांडून आधी धडक द्यायची नाही. उडी मारणाऱ्या रकला फायदा. ईगल्सने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये कूपर डफ-टायटलर चौथ्या क्रमांकावर घेतला तो त्याच जातीचा. चेंडू ठरलेल्या जागी पडायला लागला तर रीड धावत्या पायाने घेईल, आणि तेव्हा त्याला चौकोनाबाहेर ठेवणं परवडणार नाही.

---

मेलबर्नकर

कुठपर्यंत जाईल याबद्दल: ख्रिश्चन पेट्राकाकडे बघा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा, २०१५ पूर्ण गुडघ्याच्या दुखापतीत गेलं, मग काही वर्षं पुढेच. पूर्ण वेळ मिडफिल्ड २०२० मध्ये, आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात ३९ डिस्पोजल, २ गोल, नॉर्म स्मिथ. मार्टिनलाही ड्राफ्टपासून ब्राउनलोपर्यंत आठ वर्षं लागली. या बांध्याच्या खेळाडूंना सामनाभर पळायचा दम २३-२४ व्या वर्षी येतो, मधली वर्षं चढउताराचीच. रीडचे दोन हंगाम घेऊन "पुढचा डस्टी" (म्हणजे मार्टिन) किंवा "फुगवलेला फुगा" म्हणणाऱ्या दोघांनाही सध्या गप्प बसवायला हरकत नाही.

---

विंगवरून

मी गप्प बसणार नाही, पण वॉटरमनला दुखापत झाली त्या दिवशी हा धागा परत वर काढेन.

---

पर्थकर_नवा (धागाकर्ता)

चालेल. पुढच्या घरच्या सामन्यात चार रकाने: चौकोनात आहे/नाही, पुढे असताना गोलकडे/चेंडूकडे, ढकल यशस्वी/फसली, आणि चेंडू गेल्यावरची १० सेकंदं. क्वार्टरगणिक आकडे इथेच टाकतो. गोलामागे वरच्या मजल्यावर तिकीट काढलंय.

---

बाउंड्रीलाइन

चौथा रकाना एकट्याला झेपणार नाही, बाकीचे तीन टिपताना नजर खाली जाते. शेजारी कोणी असेल तर तो त्याच्याकडे द्या.