जुनं पीआरआय कार्ड नव्या लिनक्सवर बसवायचंय आणि सगळं नीट लिहूनही ठेवायचंय – सल्ला हवा (कोल्हापूर)

रोहिणी_कागल

नमस्कार मंडळी. मी कागल भागातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. आमच्या शेती विभागाचे फोन एका पीआरआय लाइनवर येतात, म्हणजे एकाच जोडणीवर एका वेळी तीस जण बोलू शकतात. गाळप सुरू झालं की सकाळी सहापासून रांग लागते. तोड कधी मिळणार, वजन किती भरलं, नोंद कुठल्या गटाला लागली, सगळे हेच विचारतात.

हे सगळं बारा-चौदा वर्षं ॲस्टेरिस्कच्या (फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) एका जुन्या सर्व्हरवर सुरळीत चाललं. ज्यांनी बसवलं ते कधीच नोकरी सोडून गेले. मागे एक चिठ्ठी राहिली, तिच्यावर फक्त पासवर्ड. गेल्या महिन्यात मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क शाबूत आहे.

लाइन ज्या कार्डात येते त्याला पीसीआय स्लॉट लागतो, तो असलेलं बोर्ड मुद्दाम शोधून आणलं, डेबियन १२ टाकलं, डाहडीची (अशी कार्डं चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा संच) ३ मालिकेतली आवृत्ती सोर्समधून बांधली. कंपाइल विनातक्रार झालं, पण कार्डवरचा दिवाच लागत नाही. एलएसपीसीआयमध्ये (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) 'टायगर जेट नेटवर्क' असं काहीतरी दिसतं. कार्डवर मात्र टीई११०पी छापलंय. कपाटात आणखी एक कार्ड सापडलं, त्यावर टीई१२२ आहे. चालेल का ते?

हंगामाला तीन आठवडे आहेत. आणि या वेळी मला हे असं लिहून ठेवायचंय, की उद्या मी नसले तरी कुणाला अंधारात चाचपडावं लागू नये. काय लिहायचं, कुठं ठेवायचं, तेही सांगा. (कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहितेय, मूळ स्पेलिंग जाणकारांना कळेलच.)

तारयंत्र

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. टीई११०पीचा ड्रायव्हर डब्ल्यूसीटीई११एक्सपी. डाहडी ३.० मध्ये जे जुने ड्रायव्हर काढून टाकले त्यात हाही गेला. त्याच्याबरोबर टीडीएम४००पीचा डब्ल्यूसीटीडीएमही गेला. त्यामुळे कंपाइल बिनचूक होणार, पण त्या कार्डाला हात लावणारं कुणी आतच नाही. 'टायगर जेट' दिसतंय ते बरोबर आहे, त्या पिढीच्या कार्डांवर पीसीआयची चिपच त्या कंपनीची असायची. त्यात आणखी एक मेख आहे. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नेटजेट नावाचं आयएसडीएनचं (डिजिटल फोनलाइनचं) ड्रायव्हर मॉड्यूल असतं, ते टायगर जेट दिसलं की कार्डावर हक्क सांगायला येतं. म्हणून ते ब्लॅकलिस्टमध्ये टाकायची पद्धत आहे.

टीई१२२ लावा. त्याचा ड्रायव्हर डब्ल्यूसीटीई१२एक्सपी, तो ३ मालिकेत आहे. लावल्यावर 'डाहडी_हार्डवेअर' चालवा. ड्रायव्हरच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आलं तर मॉड्यूलने कार्ड धरलंय, वजा आलं तर नाही.

जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर ओढून आणायचा मोह होईल, मला झाला होता. नका करू. ४.१५ मध्ये टायमर सुरू करायची रीत बदलली, ५.६ मध्ये प्रॉक फाइलींची रचना बदलली, ५.१८ मध्ये डीएमएची जुनी पीसीआय फंक्शन्स काढून टाकली, ६.४ मध्ये क्लास_क्रिएटचा एक आर्ग्युमेंट कमी झाला. प्रत्येक ठिकाणी पॅच मारता येतो, पण तो पॅच पुढे आयुष्यभर तुम्हीच सांभाळायचा. तीन आठवड्यांत हे अंगावर घेण्यात अर्थ नाही.

आणि जुनी डिस्क जपा. तुमची खरी कागदपत्रं तीच. २००८ पर्यंत डाहडीचं नाव झॅपटेल होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते बदललं. तुमची मांडणी त्या काळातली असेल तर इटीसीमध्ये (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) झॅपटेल डॉट कॉन्फ आणि ॲस्टेरिस्कच्या फोल्डरमध्ये झापाटा डॉट कॉन्फ सापडेल. त्यातली स्पॅनची, म्हणजे लाइनच्या सेटिंगची, ओळ इथे टाका.

शाहूपुरी_सर्व्हर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कार्डाचा जमाना संपला. ई१ (तुमची पीआरआय येते ती लाइन) चं एसआयपी (लॅनवरून फोन) करणारा गेटवे घ्या, एका बाजूला पीआरआय, दुसऱ्या बाजूला लॅन. ना कर्नल, ना मॉड्यूल. सर्व्हर बदलला तरी गेटवे तसाच राहतो. किंवा फोन कंपनीकडून थेट एसआयपी ट्रंक मागा, म्हणजे फोन नेटवर्कवरूनच येतील.

रोहिणी_कागल

पटतंय. पण खरेदीचा विषय संचालक मंडळाच्या बैठकीत जाणार, मग कोटेशन, मग मंजुरी. तोवर मोळी पडलेली असेल. हा हंगाम कार्डावर काढायचा आणि गेटवेचा प्रस्ताव आत्ताच टाकून ठेवायचा, असं ठरवलंय.

तारयंत्र, ओळ सापडली: स्पॅन=१,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४. खाली बीचॅन (बोलण्याचे चॅनल) १-१५ आणि १७-३१, डीचॅन (सिग्नलिंगचा) १६. टीई१२२ लावलं, अधिकचं चिन्ह आलं. तीच ओळ डाहडीच्या सिस्टिम डॉट कॉन्फमध्ये घातली. आता ती लागू करणारं डाहडी_सीएफजी चॅनल २५ वर येऊन अडतंय, 'असं डिव्हाइसच नाही' म्हणतं. पहिली चोवीस मुकाट्यानं झाली.

उद्यमनगर_०७

चोवीसला थांबलंय म्हणजे कार्डावरचा जंपर (पिनांवर बसणारी बारकी टोपी) बघा ताई, तुमचं कार्ड अमेरिकन झालंय. टी१ मध्ये चोवीस चॅनल, १.५४४ मेगाबिट. आपल्याकडं ई१, २.०४८ मेगाबिट, बत्तीस टाइमस्लॉट. शून्याचा स्लॉट जुळवणीचा, सोळावा सिग्नलिंगचा, उरलेल्या तिसांत माणसं बोलत्यात. कार्डावर टी१/ई१ चा एक बारका जंपर हाय, ड्रायव्हर सुरू होताना तोच वाचतो. मशीन पूर्ण बंद करा, पॉवर केबल काढा, जंपर ई१ वर करा.

जंपरला हात लावायचा नसेल तर मॉडप्रोबच्या कॉन्फमध्ये डब्ल्यूसीटीई१२एक्सपीसाठी डीफॉल्ट_लाइनमोड=ई१ द्या. मी म्हणतो, दोन्ही करा. जंपर एका फोटोत, ऑप्शन एका ओळीत. उद्या कुणी कार्ड बदललं आणि नव्या कार्डावर जंपर उलटा असला तरी ओळ सांभाळून घेईल.

रोहिणी_कागल

जंपरच होता! एकतीसच्या एकतीस चॅनल आले. पण दिवा लाल आहे. लाइनच्या मोडेमपासून कार्डापर्यंत नवी लॅन केबल टाकलीय, टेस्टरवर आठही तारा ठीक दाखवतंय. जुनी केबल मदरबोर्डबरोबर भंगारात गेली.

उद्यमनगर_०७

ती जुनी केबल नक्की क्रॉस असणार. प्लग लॅनसारखाच दिसतो म्हणून घोळ होतो, पण ई१ ला कार्डाकडं १-२ वर येणं आणि ४-५ वर जाणं असतं. लॅनमध्ये १-२ आणि ३-६. त्यामुळं लॅनची क्रॉस केबलपण चालत नाही. १ ला ४, २ ला ५ आणि उलट, अशी हातानं क्रिंप करायची.

पण आधी खात्री करून घ्या. वीतभर केबलला एकच प्लग लावा, त्याच्या आतच १ ची तार ४ ला आणि २ ची ५ ला जोडा. त्याला लूपबॅक प्लग म्हणत्यात. स्पॅनच्या ओळीतला दुसरा आकडा तात्पुरता ० करा, म्हणजे कार्ड स्वतःचं घड्याळ वापरतं. प्लग कार्डात घाला. हिरवा लागला तर कार्ड आणि ड्रायव्हर ठणठणीत, दोष बाहेर.

एक ध्यानात ठेवा, लूपबॅक हिरवा आला म्हणून ई१ बरोबर हाय असं ठरत नाही. कार्ड स्वतःशीच बोलतंय, ते टी१ मध्ये असतं तरी हिरवाच लागला असता. आणि ॲस्टेरिस्क चालू असेल तर ते तक्रार करेल की आम्ही पण ग्राहकाच्या बाजूचे आणि समोरचे पण ग्राहकाच्याच बाजूचे. लूपबॅकमध्ये ते बरोबरच हाय, घाबरू नका.

हा प्लग फेकू नका. कॅबिनेटच्या दारात आतून बांधून ठेवा.

पन्हाळ्याचा_वारा

केबलनंतर पुढची पायरी घड्याळाची. लूपबॅक काढल्यावर तो आकडा विसरू नका, परत १ करा. लाइनच्या दोन्ही टोकांचं घड्याळ एकच हवं आणि ते कंपनीच्या एक्स्चेंजचंच असतं. ० राहिला तर दिवा हिरवा दिसतो, फोनही लागतात, पण दोन घड्याळं हळूहळू सरकतात आणि मध्येच फ्रेम घसरते. बोलणाऱ्याला टक् असा आवाज येतो. लॉगमध्ये डी-चॅनलवर 'एचडीएलसी अबॉर्ट', म्हणजे मध्येच तुटलेले संदेश, दिसायला लागतात. मी एका ग्राहकाकडे यापायी चार दिवस कंपनीच्या लाइनमनशी भांडलो आणि चूक माझ्याच फाइलमध्ये होती.

१ करूनही अबॉर्ट येत राहिले तर इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती वाट) बघा. डाहडी आवाज एका मिलिसेकंदाच्या तुकड्यांत हाताळतं, ८००० नमुन्यांपैकी आठ-आठ, म्हणजे सेकंदाला हजार वेळा. त्यात डिस्क कंट्रोलर किंवा ग्राफिक्स त्याच इंटरप्टवर बसलं की उशीर होतो. 'प्रॉक इंटरप्ट्स' उघडून कार्डाच्या ओळीत दुसऱ्या कुणाचं नाव आहे का बघा. असेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. 'डाहडी_टेस्ट' अर्धा तास चालू ठेवा, आकडा ९९.९८ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

रोहिणी_कागल

लूपबॅक हिरवा. क्रॉस केबल केली, घड्याळ परत १ वर आणलं, लाइनवरही हिरवा! ॲस्टेरिस्कमध्ये स्पॅन 'अप, ॲक्टिव्ह' दिसला तेव्हा सर्व्हर रूममध्ये एकटीच टाळ्या वाजवत होते. इंटरप्टवर यूएसबी सोबत होतं, स्लॉट बदलला. काल दुपारपासून एकही अबॉर्ट नाही.

आता लिहिण्याचं सांगा. मी एक वर्ड फाइल उघडलीय आणि तासभर तिच्याकडे बघत बसलेय.

तारयंत्र

वर्ड फाइल बंद करा. ती तुमच्या पीसीवर राहील आणि ज्याला हवी त्याला तिचा पत्ता लागणार नाही. जे लिहायचं ते त्या गोष्टीला चिकटलेलं हवं. सिस्टिम डॉट कॉन्फ ही साधी मजकुराची फाइल आहे, हॅश टाकून तिच्यात मराठीतही लिहिता येतं. स्पॅनच्या ओळीवर काय लिहायचं? 'हा स्पॅन आहे' हे नको, ते दिसतंच. का, ते लिहा. उदाहरणार्थ:

'दुसरा आकडा १: घड्याळ कंपनीच्या लाइनवरून. ० फक्त लूपबॅकसाठी, नंतर परत १.'

'सीआरसी४ कंपनीच्या बाजूला चालू आहे म्हणून. त्यांनी पोर्ट बदललं आणि लाल दिवा लागला तर हे आधी विचारा.'

'चॅनल १६ वर बोलणं नाही, तो सिग्नलिंगचा.'

डाहडीच्या मॉड्यूल्स फाइलमध्ये फक्त डब्ल्यूसीटीई१२एक्सपी ठेवा आणि बाकीच्या ओळी का काढल्या ते तिथेच लिहा. मॉड्यूलचे पर्याय कुणाला बघायचे असतील तर 'मोडइन्फो -पी' ते सांगतं, ते उतरवून काढायची गरज नाही. इटीसीमधल्या डाहडी आणि ॲस्टेरिस्कच्या दोन्ही फोल्डरांना गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा. प्रत्येक बदल नोंदवताना कारण लिहा, तारीख आपोआप राहते.

पन्हाळ्याचा_वारा

आणि एक छापील कागद हवाच. सर्व्हर बंद पडल्यावर गिट कुठे बघणार? एकच पान, प्लास्टिकमध्ये घालून कॅबिनेटच्या दारात. त्यावर कार्डाचा मॉडेल आणि सीरियल नंबर, जंपरचा फोटो, कुठल्या स्लॉटमध्ये आणि का, चालू कर्नलची आवृत्ती, कंपनीचा सर्किट नंबर, नंबरांची मालिका, आणि कंपनी शेवटचे किती आकडे पाठवते. हे शेवटचं सगळे विसरतात. पीआरआय डीबग चालू करून एक फोन लावला की दिसतं. शेवटी चालू-बंदचा क्रम: आधी ॲस्टेरिस्क बंद, मग डाहडी. सुरू करताना उलट.

कर्नलचं तर ठळक लिहा. डीकेएमएस लावलं असेल तर कर्नल अपडेटबरोबर मॉड्यूल आपोआप बांधलं जातं, पण हेडर पॅकेज सोबत आलं नाही तर नाही. रीस्टार्ट झाल्यावरच कळतं, तेही भर हंगामात. म्हणून हंगाम संपेपर्यंत कर्नल 'होल्ड'वर ठेवा आणि होल्ड कुणी, कधी काढायचा ते त्याच पानावर लिहा. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. सही न करताच तुमचं चालतंय म्हणजे ते बंद आहे. तेही लिहा, नाहीतर उद्या कुणी सुरक्षिततेसाठी म्हणून चालू करेल.

उद्यमनगर_०७

केबलचं चित्र काढा ताई. दोन प्लग, चार रेघा, १-४ २-५. आणि केबललाच पट्टी लावा: 'ही लॅन नाही, काढू नये'. आमच्याकडं एका झाडलोट करणाऱ्या मावशींनी नाही, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरनं ती काढून स्विचमध्ये घातली होती.

रोहिणी_कागल

पान झालं. चित्रासकट एका बाजूत मावलं. आमच्या विभागात नवीन आलेल्या मुलाला ते दिलं, कार्डाची केबल काढून ठेवली, सर्व्हर बंद केला आणि म्हटलं, मला काही न विचारता चालू कर. चाळीस मिनिटं लागली. तो एकाच जागी अडकला: 'कंपनी शेवटचे चार आकडे पाठवते' असं मी लिहिलं होतं, पण ते चार आकडे डायलप्लॅनच्या (कुठला फोन कुठे वळवायचा त्याचे नियम) कुठल्या फाइलमध्ये जुळवायचे ते लिहायचं राहिलं होतं. ती ओळ त्यानेच पेनाने लिहिली, खाली तारीख घातली. पान तसंच लावलंय.