मदत हवी आहे: बाबांची बारा बोअर बंदूक विकायची आहे (ठाणे)

बाबांची जुनी दुनळी बारा बोअर आहे. परवाना चालू आहे, पण वय ७८, हात थरथरतात. ओळखीचे एक परवानाधारक नेमबाज घ्यायला तयार आहेत. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकण्याआधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं, एवढं वाचलंय. पुढे घोडं अडलंय. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत कुणी अशी खासगी विक्री केली आहे का? अर्ज आधी चौकीत की थेट परवाना शाखेत? पोच लगेच मिळते का?

नेमबाजीच्या रेंजवरचे मित्र म्हणतात, "विकू नकोस, तुझ्या नावावर कर." मला नेम धरता येत नाही हो! डीलरने सांगितलेला भाव ऐकून तर बाबा दोन दिवस बोलले नाहीत.