स्वारगेट ते रत्नागिरी, फक्त एसटीने : पाच जणांच्या भटकंतीची आखणी कशी करावी?

प्रश्न : पाठपिशवी

नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण, तीन मुले आणि दोन मुली, सगळे बावीस ते पंचवीस वयाचे, पाच दिवस कोकण किनाऱ्याने फिरायला निघत आहोत. संपूर्ण प्रवास एसटीनेच करायचा, असे आम्ही ठरवले आहे. मागच्या वर्षी भाड्याची मोटार घेऊन गेलो, तेव्हा चार जण मागे झोपले आणि चालवणाऱ्या मित्राने अख्ख्या ताम्हिणी घाटात समोरच्या टेम्पोच्या मागच्या फळीखेरीज काहीही पाहिले नाही. ती चूक पुन्हा करायची नाही.

पहिला मुक्काम दापोली, दुसरा गुहागर, तिसरा गणपतीपुळे, चौथा मालवण आणि पाचव्या दिवशी पुणे, असा आराखडा आहे. इंटरनेटवर सापडणारी गावोगावची वेळापत्रके मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कोणत्या गाडीवर विसंबावे हे कळत नाही. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास घ्यावा का? आरक्षण किती ठिकाणी करावे? आणि मुलींच्या घरच्यांची समजूत कशी घालावी, याबद्दलही कोणी अनुभवाने सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर : घाटवाट

सर्वप्रथम मालवण काढून टाका. गणपतीपुळ्याहून मालवण आणि दुसऱ्या दिवशी मालवणहून पुणे, असे केले तर दोन पूर्ण दिवस खिडकीत जातील आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी धड अर्धा दिवसही उरणार नाही. पाच दिवसांत दापोली ते रत्नागिरी एवढाच पट्टा पुरे आहे, किंबहुना तोही भरगच्च आहे.

दुसरी गोष्ट आखणीच्या पद्धतीची. तुम्ही आधी गावे ठरवलीत आणि आता त्यांना गाड्या शोधत आहात. हे उलटे करा. कोकणातल्या आडगावांना जाणारी एसटी तालुक्याच्या स्थानकाभोवती फिरते. संध्याकाळी तिथून निघालेली वस्तीची गाडी रात्री गावात देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात उभी राहते, चालक आणि वाहक तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी बाजाराला, दवाखान्याला व कॉलेजला निघालेल्या माणसांना घेऊन तालुक्याला परतते. ही गाडी एकदा लक्षात आली की सगळा प्रवास सुटसुटीत होतो, कारण रात्री जिथे उतराल तिथून सकाळी निघण्याची सोय आपोआप झालेली असते. म्हणून दापोली, गुहागर आणि रत्नागिरी या तीन स्थानकांवर पोहोचताच चौकशी खिडकीवर पुढच्या दिवसाच्या गाड्या विचारून वहीत लिहून घ्या आणि मगच चहाला जा.

मी सुचवेन तो मार्ग असा. स्वारगेटहून दापोलीची गाडी घ्यावी. ती ताम्हिणीतून जाते की भोरमार्गे वरंधा घाटातून, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाट जड वाहनांना अनेकदा बंद ठेवतात, परंतु तो खुला असेल तर नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने चढत जाणारा तो रस्ता सोडू नये. दापोलीला सामान ठेवून संध्याकाळी हर्णैला जा. तिथे मोठ्या होड्या थेट काठाला लागत नाहीत. मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून उथळ पाण्यातून बाहेर आणतात आणि ओल्या वाळूवरच लिलाव होतो. बैल पोटापर्यंत पाण्यात निवांत उभे असतात, मागे सुवर्णदुर्ग दिसत असतो आणि बोली इतक्या भराभर लागते की आपल्याला आकडा कळेपर्यंत टोपली उचललेली असते.

दुसऱ्या दिवशी दापोलीहून दाभोळची एसटी घ्या. दाभोळ ते धोपावे ही खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. बोट नसती तर खेड-चिपळूणवरून वळसा घालून गुहागरला जायला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडले असते. येथे आमची स्वतःची फजिती सांगतो. दाभोळच्या जुन्या शाही मशिदीपाशी आम्ही रेंगाळलो, ठरवलेली बोट डोळ्यांदेखत सुटली, पुढच्या बोटीने धोपाव्याला उतरलो तेव्हा गुहागरची एसटी निघून गेली होती. बोटीची वेळ पाहिली होती, पलीकडच्या गाडीची पाहिली नव्हती. दोष सर्वस्वी आमचा होता. त्याच बोटीतून उतरलेले लातूरचे दोन विद्यार्थी आमच्यासारखेच अडकले होते. सहा जणांनी मिळून एक सहा आसनी ठरवली आणि पुढचे दोन दिवस आम्ही बरोबरच फिरलो.

गुहागरहून हेदवीमार्गे तवसाळ, तिथून दुसरी फेरीबोट, पलीकडे जयगड आणि मग गणपतीपुळे. परतीला रत्नागिरीहून चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने कराड, किंवा आंबा घाटाने कोल्हापूर. मी कुंभार्लीला कौल देईन.

उत्तर : जुना वाहक

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो आहे. वरच्या गृहस्थांनी वस्तीच्या गाडीचे बरोबर सांगितले. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, म्हणून पुणेकरांनी एसटीचे थोडे अधिक कौतुक करावे, असे मला उगाचच वाटते.

आरक्षण फक्त दोन ठिकाणी करा : जाताना स्वारगेट-दापोली आणि येताना रत्नागिरीहून. मधल्या गावगाड्यांना त्याची गरज पडत नाही, पण सकाळी शाळेच्या वेळेची आणि दुपारी शाळा सुटण्याच्या वेळेची फेरी टाळता आली तर टाळा. पाच भरगच्च पिशव्या घेऊन तुम्ही त्या गाडीत चढलात, तर मुलांना उभे राहायलाही जागा उरणार नाही. पिशवी पाठीवर घेऊन गाडीत कधीही वळू नका. मागच्या माणसाच्या चष्म्याला ती लागते आणि भांडण वाहकाला सोडवावे लागते. चढण्यापूर्वीच ती उतरवून हातात धरावी आणि आसनाखाली सरकवावी. मोठी असेल तर शेवटच्या बाकाजवळ ठेवण्याआधी वाहकाला विचारावे.

पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रोज बसणाऱ्याला तो परवडतो. तुमचे दोनच प्रवास लांबचे आहेत आणि बाकी सगळे तुकडे वीस-तीस किलोमीटरचे, त्यामुळे सुटी तिकिटे काढलेलीच बरी. पास घेतला म्हणजे बसायला जागा मिळेलच, असाही अर्थ होत नाही. सुटे पैसे ठेवा. गावगाडीत सकाळी पहिल्याच फेरीला पाच जणांनी पाच पाचशेच्या नोटा काढल्या की कोणत्याही वाहकाचा चेहरा उतरतो.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना गाड्या जातात आणि गावच्या फेऱ्यांना ओढाताण होते, तेव्हा नोव्हेंबरचा बेत पुढे ढकलू नका. वाटेत उतरायचे असेल तर वाहकाला आधीच सांगा. एक घंटी थांबायला आणि दोन निघायला, ही भाषा त्याची आहे. दोरी तुम्ही ओढू नका.

उत्तर : खिडकीची जागा

मी आणि माझी मैत्रीण गेल्या तीन वर्षांत याच पट्ट्यात दोनदा फिरलो आहोत. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात एसटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळते, त्यामुळे तुमच्यातल्या दोघींनी तर पासाचा विचारही करू नये. एकूण खर्चाचे समान पाच भाग करणार असाल, तर त्या दोघींचे अर्धे तिकीट तुमच्या खिशात जाते आहे, हे आधीच लक्षात घ्या. आमच्या गटात यावरून किरकोळ कुरबुर झाली होती, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. तिकिटे ज्याची त्याने काढावीत आणि खोली, रिक्षा व जेवण तेवढे वाटून घ्यावे.

घरच्यांच्या बाबतीत समजूत घालण्यापेक्षा कागद देणे अधिक उपयोगी पडते. कोणत्या दिवशी कोणत्या गावात, कोणाच्या घरी मुक्काम, त्या घरमालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि दिवसातून कोणत्या वेळी फोन येईल, एवढे एका पानावर लिहून दिले. माझ्या आईने पहिल्याच दिवशी हर्णैच्या घरमालकीणबाईंना फोन करून मी मासे खाते की नाही याचीच चर्चा केली आणि त्यानंतर तिची काळजी निम्म्याने कमी झाली. कोकणात घरगुती राहण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र अंधार पडल्यावर खोली शोधत फिरू नका. पहिल्या दोन रात्रींचे तरी निघण्याआधी पक्के करा.

वाटेत भेटणाऱ्या मुलामुलींबरोबर जरूर फिरा. आमची नाशिकच्या एका मुलीशी ओळख वेळासला कासवांची पिल्ले पाहायला गेलो असताना झाली आणि ती पुढे मंडणगडपर्यंत आमच्याच बाकावर होती. परंतु नव्या ओळखीच्या माणसांबरोबर खोली एक करायची की नाही, हे गटातल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन वेगवेगळे विचारा. सगळ्यांसमोर विचारले की संकोचाने कोणी नाही म्हणत नाही.

पाठपिशवी (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालवण रद्द केले आहे आणि परतीला कुंभार्ली ठरला आहे. तिकिटांचा हिशेब आजच गटात मांडला. दोघी मुली हसल्या, त्यावरून हा विषय त्यांच्या मनात आधीपासून असावा. एकच शंका उरते : दाभोळची बोट आणि पलीकडची गुहागरची एसटी यांच्या वेळा जुळवायच्या असतील, तर नेमके कोणाला विचारावे?

जुना वाहक

दापोलीहून दाभोळला नेणाऱ्या गाडीच्या वाहकाला विचारा. तो रोज त्या बोटीची माणसे आणतो-नेतो, पलीकडच्या गाडीची वेळ त्याला पाठ असते. तिकीट देताना विचारू नका, त्या वेळी त्याचे लक्ष सुट्या पैशांकडे असते. दाभोळच्या अलीकडे गाडी रिकामी होत जाते आणि तो पुढच्या आसनावर हिशेब लिहायला बसतो, तेव्हा विचारा.