प्रतिसाद: कास-बामणोलीसाठी कोणती कॅम्पर घ्यावी?

ताई, आई-बाबा आणि दोन मुलं धरून सहा जणांसाठी बसएवढी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. कास-बामणोलीला तरी नको. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात वळणावर समोरून एसटी आली की लांब गाडी मागे घेता घेता ड्रायव्हरला घाम फुटतो. फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली, आत उभं राहता येईल अशी व्हॅन बघा. पण सहा सीट म्हणजे सहा बिछाने नव्हेत! बाबांचे गुडघे दुखतात म्हणालात, तेव्हा वरचा बंक हिशोबातच धरू नका. एसीचंही विचारा, बऱ्याच गाड्यांत बाहेरची वीज जोडल्याशिवाय तो रात्रभर चालत नाही. सप्टेंबरात तिकडे एसी लागतोय कशाला म्हणा, उलट गोधड्या न्या. संडासाची टाकी कोण रिकामी करणार, हे आधीच ठरवा, परत देताना त्यावरूनच वाजतं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे मुक्काम नाहीच. बामणोलीकडे एखाद्या रिसॉर्टच्या आवारात गाडी लावता येईल का, निघण्याआधी फोन करून विचारा.